एका बोटाचं पॅड

बालाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी तबला सुरात लावायला त्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारत बसलो होतो. फोन बायकोनं घेतला. तिचाच धाकटा भाऊ. लातुरात दुकानाचं शटर उघडताना खाली बसला, तो उठलाच नाही... आम्ही पोचलो तोवर गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला होता, 'कलेचा सच्चा उपासक हरपला.' खाली हात जोडलेले पंधरा चेहरे, आणि त्यातल्या एकानंही त्या उपासकाची कला कधी पाच मिनिटं धड ऐकलेली नाही. शोकसभेत तर कहर झाला. एक बँडवाले डोळे पुसत म्हणाले, बालाजीभाऊ म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होतं. हेच गृहस्थ त्याला तोंडावर 'डबडेवाजव्या' म्हणायचे. मला त्यांची किळस आली. पण लिहायलाच बसलोय तर सांगून टाकतो, ते नाव मी ठेवलं होतं.

बालाजी विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. तांब्याच्या तारेत हयात गेली. ड्रमचा नाद शाळेपासूनचा, पण राहायला अशा गल्लीत की घरोघरी क्लासवाल्या पोरांच्या खोल्या. कुणाचं तरी पोर डॉक्टर होणार म्हणून तिथं अख्खी गल्ली श्वास धरून बसते. ड्रम कोण वाजवू देणार? मग यानं आवाज कमी करता येईल असा ड्रम घरीच करायला घेतला. स्टीलची ताटली, वर ट्यूबचं रबर, खाली जुन्या चपलेचा स्पंज आणि मधोमध रुपयाएवढी पितळी चकती. चकतीला ठोका बसला की किंचित वीज निघते, ती तारेतून एका डब्यात जाते आणि डबा स्पीकरमधून ड्रम वाजवतो, हे तो मला भाऊबीजेच्या दिवशी तासभर सांगत होता. मधल्या पांढऱ्या थराला लाल तार, कडेला काळी. सोल्डरिंगचं टोक क्षणभर जास्त टेकलं की थर उडालाच. कितीतरी चकत्या जाळून एक पॅड तयार झालं होतं. माझं लक्ष करंज्यांत होतं. तबला शिकवणाऱ्या माणसानं ताटल्यांचं पुराण कशाला ऐकावं?

"दाजी, हात तर लावून बघा."

मी एक बोट पुढं केलं आणि दुधावर साय धरली का बघावं तसं टेकवलं. आवाज आला नाही. "मुकं हाय की रे तुझं लेकरू!" मी म्हणालो. घर हसलं. बालाजीही हसला. "लई हळू वाजिवलं तुमी. जरा जोरात मारा ना."

"आम्ही चामड्यावरची माणसं, बाबा. डबडं तूच वाजव."

पुढच्या भाऊबीजेला सहा पॅडं झाली होती. एकावर मारलं की शेजारचंही बोलायचं, तेही त्यानं प्रत्येकाखाली वेगळं रबर घालून थांबवलं होतं. "आता वाजतंय दाजी, एकदा बघा." मी म्हणालो, पुढच्या खेपेला. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच म्हणालो... माझ्या तोंडून एक 'बरं जमलंय' ऐकायला तो माणूस थांबलाय, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी ते देत नव्हतो. आम्ही तबलजी या बाबतीत महाकंजूस, आणि वर त्यालाच साधना म्हणतो.

परवा, महिना उलटल्यावर, एकटाच लातूरला गेलो. बालाजीच्या बायकोनं, सुमननं, कपाटाचं दार लावलं आणि कोपऱ्यातून 'ठण्' झालं. मी दचकलो.

"ते तसंच हाय," ती म्हणाली. "संध्याकाळी हे त्याचं बटन चालू करायचे, म्हणून मीबी करते. कपाट लावलं तरी वाजतंय, गल्लीतून टमटम गेली तरी वाजतंय. मी लई म्हणलं, तेवढं एक नीट करा. न्हाई म्हणले. दाजी एका बोटानं वाजवतेत, त्यांनी टेकवलं की वाजलं पाहिजे, म्हणले."

ती चहा टाकायला आत गेली. बाकीची पाच पॅडं शहाण्यासारखी गप्प होती. हे एकच त्यानं इतकी वर्षं असं हळवं ठेवलं होतं, बिघडल्यासारखं, माझ्या एका माजोरड्या बोटासाठी. मी दाराकडं बघितलं. मग तेच बोट तसंच टेकवलं. खणखणीत वाजलं.

"टमटम गेली असंल," सुमन आतून म्हणाली.

मी म्हणालो, "हाव."