स्टँडची लाइन आणि अकरा नंबर

“हे अकरा नंबर आजपासून ऐकायचे. आणि गावातले सातही एसटीडी बूथ दुपारपर्यंत बंद करायचे.”

देसाई साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. साहेब पोलीस खात्यातले, बंदोबस्तासाठी बाहेरून आलेले. मी इंदापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, म्हणजे जेटीओ. वय सव्वीस, नोकरीला दीड वर्ष. बारामतीच्या कडेला जळोचीत राहायची आणि रोज एसटीनं इंदापूरला ये-जा करायची.

साल १९९३, मार्च संपत आला होता. मुंबईत स्फोट होऊन फार दिवस झाले नव्हते. बाजारात कुणी पिशवी विसरलं तरी लोक दहा पावलं मागं सरत होते. त्यात सोमवारी दुपारी चारला आमच्या एसटी स्टँडवर फोन आला. “स्टँडवर बॉम्ब ठेवलाय. खाली करा.” एवढंच बोलून फोन बंद. स्टँड रिकामा झाला, बस बाहेर काढल्या, कोपरान् कोपरा तपासला. काही सापडलं नाही. मंगळवारी बरोबर चारला पुन्हा तोच आवाज, तेच वाक्य. त्या दिवशी माझी बस सुटलीच नाही. मी अठरा माणसांबरोबर एका वडाप जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी गेले. वडाप म्हणजे वाटेत दिसेल तो प्रवासी घेत जाणारी खाजगी गाडी.

आणि आता बुधवारी सकाळी दहाला देसाई साहेब हा कागद घेऊन आले होते.

मी यादी वाचली. आतार, बागवान, तांबोळी, मुलाणी, शेख. अकराही घरं मुसलमानांची. एक नंबर निवृत्त शाळामास्तरांचा होता. आणखी एक नंबर केबल फॉल्टमुळे महिनाभर मुका होता, त्यावरून कुणाला फोन करताच आला नसता.

“साहेब, लेखी हुकूम?”

“मी सांगतोय ना.”

“फोन ऐकायचा तर टेलिग्राफ कायद्यानं सरकारचा लेखी हुकूम लागतो. माझ्या हातात नाही.”

“बाई, मुंबईत माणसं मेली. तिथं कोणी कलम विचारत बसलं नाही.”

साहेब दुष्ट नव्हते. दोन दिवस झोपले नसावेत, डोळे लाल होते. पण मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. अकरा लाइन ऐकायच्या तर माझी होती नव्हती ती सगळी माणसं तिथंच अडकणार. मग धमकीचा फोन नेमका कुठून येतो, हे शोधायला कोण उरणार?

मी त्यांच्यासमोरच बारामतीला आमच्या साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “लेखी आलं तर कर. तोंडी आलं तर चहा पाज.”

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत देसाई साहेबांना म्हटलं, “फोन ऐकता येणार नाहीत. पण फोन कुठून आला ते शोधता येईल. ज्याच्याकडं धमकी येते त्यानं स्वतः अर्ज दिला, की त्याच्या लाइनवर येणारा कॉल मला मागं मागं शोधत जाता येतो. आज चारला फोन आला तर आजच.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर उद्या माझ्याविरुद्ध रिपोर्ट करा.”

असं बोलून गेले खरी, पण हे काम मी एकदाही केलेलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं. सुदैवानं आमच्याकडं गोफणेतात्या होते. मूळचे कन्हेरीचे. आजोबांनी मेंढरं राखली, हे एक्सचेंजच्या मशीन राखत होते. निवृत्तीला आले होते. मी विचारलं तसं त्यांनी चष्मा पुसला.

“हुईल की बाई. पर त्यो गडी वीस सेकंदात फोन ठिवतोय. त्येला धरून ठिवाय पायजे.”

आमचं एक्सचेंज जुन्या पद्धतीचं होतं. तुम्ही नंबर फिरवला की रॅकवरचे सिलेक्टर हलायचे. सिलेक्टर म्हणजे लोखंडी हात समजा. तो टकटक करत वर चढतो, मग आडवा फिरतो आणि हव्या त्या तारेवर टेकतो. असे तीन हात एकापुढं एक लागले की तुमचा कॉल लागतो. फोन करणाऱ्यानं रिसीव्हर ठेवला की तिन्ही हात खाली पडतात आणि माग पुसला जातो. पण शेवटच्या हाताच्या एका ठरावीक तारेला आपण जमिनीची तार, म्हणजे अर्थ, जोडली तर त्यानं रिसीव्हर ठेवला तरी हात जागचे हलत नाहीत. मग ज्या वाटेनं कॉल आला त्याच वाटेनं मागं चालत जायचं.

अडचण अशी, की शेवटचे हात दहा. त्यातला नेमका कोणता स्टँडच्या नंबरावर टेकलाय, ते वीस सेकंदांत ओळखून क्लिप लावायची.

मी स्टँडवर पळाले. कंट्रोलर जगताप यांनी तिथंच कोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. धमकीचा फोन असेल तर रिसीव्हरखालचा खटका दोनदा पटकन दाबायचा. कॉल तुटत नाही, पण आमच्याकडं स्टँडच्या लाइनवर लावलेला दिवा लुकलुकतो. आणि काही झालं तरी फोन खाली ठेवायचा नाही, बोलत राहायचं.

“काय बोलू त्याच्याशी?”

“ऐकू येत नाही म्हणा.”

“ते जमेल,” जगताप म्हणाले. “बायकोशी रोजच म्हणतो.”

त्यांनी आपण होऊन अजून एक ठरवलं. साडेतीनपासूनच बस मोकळ्या मैदानात लांब लांब उभ्या करायच्या, आणि प्रत्येक कंडक्टरनं आपली गाडी आपण तपासायची.

राहिले बूथ. साहेब बूथ बंद करण्यावर अडून होते. मी त्यांना म्हटलं, निदान बूथवाल्यांशी बोलून तरी बघू. बशीर आतारांच्या दुकानात आम्ही सातही जणांना बोलावलं. आतारांचा बूथ आणि शेजारी मसाल्याचं दुकान. यादीत पहिला नंबर त्यांचाच होता, कारण मुंबईला सगळ्यात जास्त फोन त्यांच्याकडून जायचे. माल तिथून यायचा आणि थोरली लेक तिथं दिलेली. यादीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, “धमकी बूथवरूनच येत असणार. चार दिवस शटर खाली घ्या.”

आतारांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सायेब, शटर खाली वडलं की रस्ता आंधळा हुतो. दुकान उघडं असलं तर सात ठिकाणी चौदा डोळं रस्त्यावर असत्यात. तुमी आमाला बंद करू नका, कामाला लावा.”

“काय काम करणार?”

“चारला स्टँडवर फोन आला की आमी एकेक जण टेलिफोन हापिसात फोन करतू. आमच्या बूथमदी कोण हाय, कोण न्हाय, ते सांगतू. खोटं सांगितलं तर शेजारचा सांगंल.”

बाकीच्या सहांनी माना डोलावल्या. त्यात दोन मुसलमान, चार हिंदू. कुणी कुणाला सक्ती केली नव्हती. चारला काही मिनिटं कमी असताना सगळ्यांनी आपापल्या बूथकडं बघत राहायचं आणि चारचा ठोका पडला की आमच्या तक्रारीच्या नंबरावर फोन करायचा, असं ठरलं. देसाई साहेबांनी घड्याळ बघितलं. “आजचा दिवस देतो. फक्त आजचा.”

साडेतीनला मी आणि तात्या रॅकसमोर उभे. माझ्या हातात क्लिप लावलेली तार. साहेब दाराशी. बाहेर त्यांची जीप चालू ठेवलेली. सिलेक्टरांची टकटक चालू होती. रोज तो आवाज कानावर येतो म्हणून ऐकू येत नाही. त्या दिवशी प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येत होता. मनात एकच येत होतं, आज खरंच बॉम्ब असला तर?

चारला दोन मिनिटं असताना दिवा लागला. आम्ही दोघं पुढं झुकलो. दिवा स्थिर राहिला आणि विझला. कुणीतरी बसची वेळ विचारली असणार.

चार वाजून गेले. तक्रारीच्या फोनवर बसलेली आमची ऑपरेटर मोठ्यानं सांगायला लागली. “पहिला बूथ रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात एक आजी पुण्याला बोलतायत, मालक शेजारच्या दुकानातून सांगतायत.”

तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. आणि लुकलुकला. एकदा, दोनदा.

“बाई, सात नंबर,” तात्या म्हणाले. त्यांनी दहा हातांवरून नजर फिरवायला किती वेळ घेतला असेल? तीन सेकंद. मी सातव्या सिलेक्टरला क्लिप लावायला गेले आणि ती निसटली. दुसऱ्यांदा लावली. बसली. क्षणभरानंच दिव्याशेजारची रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, खट्ट वाजली.

“ठिवला त्येनं फोन,” तात्या म्हणाले.

मी सिलेक्टरकडं पाहिलं. हात खाली पडला नाही. जागच्या जागी उभा होता.

साहेब दारातून म्हणाले, “माझी माणसं आतारच्या बूथवर पाठवू?”

ऑपरेटरनं तिथूनच उत्तर दिलं. “आतारांचा फोन आत्ताच आला. बूथ रिकामा आहे. सातही आले साहेब. आजी सोडल्या तर कुठंच कोणी नाही.”

म्हणजे फोन बूथवरून नव्हताच. साहेब थांबले.

तात्या आता पळत होते. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या हातावरचा क्रमांक वाचायचा, तक्त्यात शोधायचा, तिथून मधल्या हातापर्यंत. मधल्या हातावरून दुसऱ्या रॅकच्या पहिल्या हातापर्यंत. तात्या आकडे सांगत होते, मी तक्त्यात बोट फिरवत होते. एकदा ओळ चुकली, परत मागं आले. शेवटी पहिला हात सापडला. त्याच्याकडं कॉल ज्या तारेवरून आला होता तिचा नंबर मी पाटीवर लिहिला आणि ग्राहकांचं रजिस्टर उघडलं.

पाइप आणि मोटारपंपांचं दुकान. स्टँडच्या कंपाउंडला लागून.

साहेबांनी खिशातून यादी काढली, वरपासून खालपर्यंत बघितली. तो नंबर यादीत नव्हता.

“खात्री आहे?”

“साहेब, मी ही तार काढत नाही तोपर्यंत त्या दुकानाचा फोन स्टँडला जोडलेलाच आहे. जाऊन रिसीव्हर उचला. पलीकडं जगताप असतील.”

जीप धुरळा उडवत गेली. आम्ही दोघं रॅकसमोर तसेच उभे. माझ्याजवळ टेस्टिंगचा रिसीव्हर होता. लाइनला लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं. लावला नाही. अर्जात नंबर शोधायचं लिहिलं होतं, बोलणं ऐकायचं नाही.

चार-पाच मिनिटं गेली. मग रिले खट्ट वाजली. पलीकडं कुणीतरी रिसीव्हर उचलला होता.

“घावला,” तात्या म्हणाले आणि स्टुलावर बसले.

पुढचं साहेबांनीच संध्याकाळी येऊन सांगितलं. दुकानमालक काउंटरवर होता. साहेबांनी विचारलं, इथून स्टँडवर फोन केला का? तो म्हणाला, नाही, सकाळपासून फोनला हात लावलेला नाही. साहेबांनी त्याच्यादेखत रिसीव्हर उचलला. आतून जगतापांचा आवाज आला. “जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही.”

मालकानं सगळं कबूल केलं. त्याच्या तीन जीप बारामती रस्त्यावर वडापला होत्या. स्टँड रिकामा झाला, की स्टँडवरची माणसं त्याच्या गाड्यांत. मंगळवारी मी ज्या गाडीतून गेले ती त्याचीच होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्याच्यावर रीतसर केस झाली. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याची मुलंबाळं त्याच गावात राहतात आणि त्यांनी काही केलेलं नाही.

देसाई साहेबांनी यादीचा कागद माझ्यासमोर चार घड्या करून खिशात ठेवला. “खरा बॉम्ब असता तर तुमचे नियम काय कामाचे होते, बाई?”

“खरा असता तरी साहेब, तो या अकरा घरांत नसता.”

साहेबांनी टोपी उचलली. जाताना तात्यांशी मात्र त्यांनी हात मिळवला.

मला महिनाभरानं एक मेमो आला. स्टँडच्या लाइनवर परवानगीशिवाय दिवा का लावला, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. प्रकरण तिथंच मिटलं.

त्या दिवसानं मला कामातली एक साधी गोष्ट शिकवली, ती पुढं तीस वर्षं पुरली. सगळ्या गावाच्या लाइन पकडून बसलं, की एकही कॉल सापडत नाही. एकच कॉल धरायचा आणि त्याच्या मागं जायचं. बाकीच्यांना आपापलं बोलू द्यायचं. त्यातलेच काही जण आपण होऊन मदतीला येतात.

त्यानंतरच्या आठवड्यात आतार एक्सचेंजमध्ये आले. यादीची कुजबुज तोवर गावात पोचली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, सायबांच्या कागदावर माजं नाव व्हतं का?”

“मला ते सांगता येत नाही, आतारभाई.”

“मंजे व्हतं.” त्यांनी खिशातून अर्जाची जुनी पावती काढली. मग म्हणाले, “बरं, दुकानाला दुसरी लाइन मागून चार वरसं झाली. त्या वेटिंगच्या यादीत कितव्यावर हाय, तेवढं तरी बगा.”

मी रजिस्टर काढलं. त्यांचा नंबर एकशे बारावा होता. त्यांना लाइन मिळाली, पण एकशे अकरा लोकांना मिळाल्यानंतरच.