काविळीची माळ आणि मर्जीचा कागद

डॉक्टरनं पेनाच्या टोकानं आबाच्या गळ्यातली माळ वर उचलली. पलंगाभोवती शिकाऊ पोरं-पोरी उभी होती. "हे बघा," तो म्हणला, "हे घालून गावभर फिरतात आणि मरायला आपल्या दारात येतात." सिस्टरकडून कात्री मागितली अन् माळ कापली. एक पोरगी फिदीफिदी हसली. माळेचे तुकडे चादरीवर पडले. आबा, माझा बाप, ते एकएक वेचून मुठीत धरायलता. मी उशाशी उभी होते.

आमच्याकडं कावीळ झाली की माळ घालतात. ताडकळसच्या पल्याड एक म्हातारा बांधून देतो. डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात येती, मग छातीवर, अन् पायातून निघाली की कावीळ गेली म्हणायचं. आबाची माळ गळ्यातच अडकली. आमी वाट बघत बसलो. तीन आठवडे. ही चूक आमची. मी बारावी शिकलेली बाई, घरी शिलाई मशीन चालवते, अन् माळ आणायला मीच गेलते. पहिला राग मला माझाच येतो.

अन् आबा कोण? जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. मेंढराची पापणी पालथी करायचा अन् सांगायचा, हिच्या काळजात, म्हणजे लिव्हरात, किडे झाले. कधी चुकला न्हाई. स्वतःचे डोळे हळदीवाणी पिवळे झाले, परसाकडंला मातीवाणी पांढरं व्हायलं, खाज अशी की घोंगड्यानं पाठ घासून घासून रक्त काढायचा. तरी म्हणायचा, "उतरंल माळ."

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस सलाईन चाललं. सोनोग्राफी झाली. मोठ्या मशीनीत घालून फोटो काढले. रोज सकाळी डॉक्टर यायचा, पोरांसंगं इंग्रजीत बोलायचा अन् पुढच्या पलंगाकडं जायचा. आबाच्या तोंडाकडं बघायचाच न्हाई. पाचव्या दिवशी मी हिंमत करून विचारलं, "साहेब, आबाला झालंय काय?"

"मेंढरं राखता ना तुम्ही?"

"व्हय."

"मग सांगून कळणार आहे का?"

मी मूग गिळून गप बसले. आजबी ते आठवलं की तोंड कडू होतं. तवाच बोलले असते तर सहा दिवस वाचले असते. सहा दिवस!

अकराव्या दिवशी सिस्टर एक छापील कागद अन् शाईचा डबा घेऊन आली. "पेशंटला घरी न्या. इथं अंगठा लावा." मी सही करते का अंगठा, एवढंबी विचारलं न्हाई. मी कागद हातात घेतला अन् वाचला. 'रुग्णास आम्ही आमच्या मर्जीने घरी नेत आहोत. पुढील परिणामांस दवाखाना जबाबदार राहणार नाही.'

दोनदा वाचला. आमच्या मर्जीनं? कुणाची मर्जी? आमाला तर कुणी काही विचारलंच न्हाई.

आबा म्हणला, "बाई, दे अंगठा अन् चल. मोठ्या मान्साच्या नादी लागू न्हाई." त्यानं स्वतःचा अंगठा शाईत बुडवलाबी. मी त्याचा हात धरला अन् माझ्या पदरानं पुसला. तो डाग अजून त्या लुगड्यावर हाय.

तेवढ्यात डॉक्टर आला. "काय झालं? सही का नाही?"

"ही आमची मर्जी न्हाई. आबाला काय झालंय ते मराठीत सांगा."

"अहो बाई, तुम्हाला नाही कळणार ते."

मग माझं डोकंच सणकलं. "कळंल! मेंढराच्या काळजाला पित्ताची पिशवी कुठं चिकटलेली असती, मला मालूम हाय. नळी कुठून निघून आतड्यात जाती, तेबी मालूम हाय. पिशवी फुटली तर सगळं मटण कडू होतं, म्हणून लहानपणापासून ती माझ्याच हातानं काढलीय. बोला तुमी. कळंल मला."

ती हसणारी पोरगी खाली बघायली.

डॉक्टरनं सांगितलं. उभ्या उभ्याच. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ हाय, कॅन्सरची. तिनं पित्ताची नळी दाबलीय, म्हणून कावीळ. ऑपरेशन अवघड असतं, इथं होत न्हाई. दोन मिनिटं लागली त्याला. लेकाच्यानं दोन मिनिटांसाठी अकरा दिवस काढले.

"मग हेच लिहून द्या," मी म्हणलं. "इथं होत न्हाई, अन् कुठं होतं ते. अन् फोटोबी द्या." त्यानं आदळआपट केली, पण लिहून दिलं. मर्जीचा कागद मी सही न करता घडी घालून चोळीत खोवला.

पूर्णेहून रेल्वेनं लांबच्या शहरात गेलो. तिथल्या सर्जनबाईनं स्टूल ओढलं, आबाच्या शेजारी बसली अन् कागदावर चित्र काढून दाखवलं. आबा चित्र बघून म्हणला, "मेंढरावाणीच हाय की सगळं." ती हसली, पण त्याला हसली न्हाई. मग म्हणली, गाठ आता रक्ताच्या मोठ्या नळीला वेढून बसलीय, काढता येत न्हाई. पित्ताच्या नळीत बारीक जाळी बसवू, कावीळ अन् खाज उतरंल.

"आधी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही," ती म्हणली. "कदाचित काढता आली असती."

हे कदाचित माझ्या मानगुटीवर बसलंय. तीन आठवडे माळेनं खाल्ले, अकरा दिवस दवाखान्यानं. कोणत्या दिवसात आबा हातचा गेला, कुणाला विचारू? खाज थांबली, तो चार घास खायला लागला, अन् पाचव्या महिन्यात गेला. माळेचे तुकडे त्याच्या उशाखाली निघाले.

परवा आमच्या गल्लीतला चुलता डोळे पिवळे घेऊन दारात आला. गळ्यात माळ. खाज हाय का, परसाकडं पांढरं होतं का, मी विचारलं. व्हय म्हणला. उद्या सकाळच्या बसनं त्याला जिल्ह्याच्या त्याच दवाखान्यात नेणार हाय. माळ त्याच्या गळ्यातच राहील. कात्री पुढं आली तर हात धरीन. अन् तिथं पाय ठेवल्या ठेवल्या विचारीन, हे इथं होतं का न्हाई? होत नसंल तर तासाभरात लिहून द्या. गप बसायचं ते एकदा बसले, बाप गेला. आता लेखी घेतल्याबिगर मी हलणार न्हाई. अन् त्यांनी तो मर्जीचा कागद काढलाच, तर आबाचा तो सही न केलेला कागद, अजून माझ्याजवळ हाय, त्यांच्या पुढ्यात ठेवीन.