पुंडलिकरावांच्या तीन हाका

पुंडलिकराव कळंबे हे आमच्या कॉलेजचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. कॉलेज पांढुर्ण्याचं, रेल्वे फाटकापलीकडचं; नाव मुद्दामच सांगत नाही. प्राचार्य यायचे, बदलून जायचे, विद्यापीठाची पत्रं यायची, फायलीत जायची, पण कॉलेज चालायचं ते पुंडलिकरावांच्या टेबलावरून. पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, आणि चेहरा असा की समोरच्याला आपण काहीतरी चुकलो आहोत असंच वाटावं. मला तर पहिल्या दिवशीच वाटलं होतं, आणि मी घाबरणाऱ्यातली नव्हते.

विद्यापीठाची एक योजना होती. गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजातच अर्धवेळ काम द्यायचं. प्रयोगशाळेत दोघं, ऑफिसात टायपिंगला एक, मैदानावर एक आणि ग्रंथालयात एक. दर जुलैला अर्ज मागवायचे, मुलाखती व्हायच्या. निवड पुंडलिकराव करायचे, प्राचार्य खाली सही ठोकायचे. ग्रंथालय सकाळी लवकर उघडायचं, म्हणून तिथे काम करणाऱ्या मुलीला मागची एक खोली राहायला मिळायची. बाहेरगावच्या साऱ्या पोरींचा डोळा त्या खोलीवर असायचा, आणि सन पंच्याऐंशीत माझाही होता.

मी वंदना सोमकुंवर, सौंसरजवळच्या बोरगावची. वडील, मनोहर, सौंसरच्या नगरपालिकेत नळांचं काम बघायचे. बोरगावहून पांढुर्ण्याला यायचं तर दोन बस बदला, आणि सकाळच्या पहिल्या बसनं निघालं तरी पोचेस्तोवर कॉलेजचे दोन तास बुडालेले. वडिलांनी साफ सांगितलं होतं, "खोली भेटली तर शिक. नाही भेटली तर घरी ये. तुह्या मामानं पोरगा पाहून ठेवला हाये." ते वाईट नव्हते. त्यांचा नाइलाज होता, आणि मला त्या नाइलाजाचा भयंकर राग येत होता.

तर मुलाखतीच्या दिवशी आम्ही अकरा जण ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात बसलो. पावसानं दडी मारली होती, भर दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं. भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्याच्या डाव्या टोकाला दोघांपुरती जागा रिकामी होती आणि तरी तीन-चार पोरं उभी होती. मला ते विचित्र वाटलं. मी सरळ जाऊन टोकाची एक जागा सोडून बसले, पिशवी मात्र मांडीवर घेतली. शेजारी चंद्रकला होती, लोधीखेड्याची, दुसऱ्या वर्षाची. ती माझ्या कानाशी लागली.

"नवीन हायेस तर ऐकून ठेव. बुढा पयले एक नाव पुकारते. सुधा गायधने. ते पोरगी मेली हाये."

"मग पुकारते काहून?"

तिनं सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी तिगावची सुधा याच बाकावर, याच टोकाला बसली होती. ग्रंथालयाच्या जागेसाठी तिचा अर्ज पहिल्या नंबरचा. त्याच महिन्यात विद्यापीठातून नियमांचं पुस्तक आलं होतं, त्यात लिहिलं होतं की उमेदवाराचं नाव एकदाच पुकारावं. पुंडलिकरावांनी आतूनच एकदा पुकारलं, ओ आली नाही, म्हणून 'अनुपस्थित' लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. सुधा बाहेरच होती. पण आमच्या भागातल्या जुन्या घरांत पोरांना शिकवून ठेवतात की माणूस दिसत नसताना हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भूत दोनच खेपा हाक मारतं, तिसरी हाक माणसाची. ती बिचारी उरलेल्या दोन हाकांची वाट बघत बसली.

तासाभरानं तिनं आत जाऊन विचारलं तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, "हे कॉलेज हाये, मसणवटा नाही. जागा भरली." खोली दुसरीला गेली. सुधा तिगावहून पॅसेंजरनं येऊ-जाऊ लागली, आणि दिवाळीआधी एका सकाळी सुटलेली गाडी धरायला धावली ती पुन्हा दिसली नाही.

यात सगळ्यात वाईट काय होतं ते सांगू? पुंडलिकराव स्वतः खेड्यातले. त्यांच्या घरीही तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायचे. त्यांना ठाऊक होतं ती पोरगी का बोलली नसेल. तरी पुस्तकाची ऐट नडली.

तेव्हापासून ते प्रत्येकाला तीनदा पुकारायचे. आणि दर जुलैला यादीच्या आधी तिचा जुना अर्ज वर ठेवून तिला पुकारायचे. मग आत येणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारायचे, बाहेर कोणी ओ दिली का?

"हो म्हण," चंद्रकला म्हणाली. "मंग विचारते, कुठून आली? दारातून म्हण, काही बी म्हण. बुढ्याले बरं वाटते."

मला संताप आला. आमच्या घरात धम्मदीक्षेपासून भूत-पिशाच्च बंद. वडील म्हणायचे, भीती ही दुसऱ्यानं आपल्या डोक्यात घातलेली वस्तू आहे. मी ठरवलं, सरळ 'नाही' म्हणायचं. खोली मिळायची तर माझ्या मार्कांवर मिळेल.

पुंडलिकराव उंबऱ्यात आले. शिपाई देवीदास बाजूला सरकला. कोणी हसलं नाही, हे मला अजून आठवतं.

"सुधा दादाजी गायधने, तिगाव."

ते थांबले. मनात आकडे मोजत असावेत, ओठ हलत होते.

"सुधा दादाजी गायधने."

नळातून पाणी ठिबकत होतं, तेही मध्येच थांबलं.

"सुधा दादाजी गायधने."

ते वाट बघत राहिले. मग मान खाली घालून वळले, टेबलाशी गेले, आणि पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला. नेमक्या त्याच वेळी माझ्या डाव्या कानाशी, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, एक पोरगी हळू म्हणाली, "ओ. बसून हावो ना, बाबूजी."

मी वळून पाहिलं. बाकाचं टोक रिकामं होतं. चंद्रकला उजवीकडे होती, नखं खात होती, तिनं काही ऐकलेलं नव्हतं. इतक्या उन्हात माझ्या डाव्या दंडाला थंड लागत होतं.

माझं नाव तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी आत गेले. पुंडलिकरावांनी मार्कलिस्ट पाहिली, मान डोलावली. ग्रंथालयाच्या रकान्यासमोर त्यांनी पेन आणलं. मी जिंकले होते. मग नेहमीचा प्रश्न आला, जरा कंटाळूनच.

"बाहेर कोणी ओ दिली का?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. ठरवलंही तेच होतं. पण तेव्हा मी खरं बोलायच्या वयाची होते. "दिली," मी म्हणाले.

"कुठून?"

"बाकाच्या डाव्या टोकाहून. तुम्ही लिहाले बसले तवा. 'बसून हावो ना, बाबूजी' म्हणाली."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तोवर पंधरा-वीस पोरी 'हो' म्हणाल्या होत्या, कोणी दारातून सांगायची, कोणी फाटकातून. टोकाची जागा तर सगळ्यांना माहीत होती, पण 'बसून हावो ना' हे शब्द सुधा त्या दिवशी आत येऊन त्यांना एकट्यालाच बोलली होती. हे मला पुढे देवीदासनं सांगितलं, कारण तो तेव्हा दारात उभा होता. बाकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

पुंडलिकरावांनी 'अनुपस्थित' खोडलं. वर 'उपस्थित' लिहिलं. आणि ग्रंथालयाच्या रकान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, सुधाचं नाव घातलं.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडलेच.

"जागा एकच हाये. तिचा नंबर पयला. ती हजर होती, मी पाच डाव गैरहजर लिहिली. आता बी नाही म्हणू काय?"

"अन् मी? ती मेली बाबूजी, मी जित्ती हावो! मले घरी धाडतील, लगन लावतील. तिले खोली कायले पाहिजे? तिचं नुकसान केलं तुम्ही, माहं काहून करता?"

देवीदासनं माझा हात धरला. मला वाटलं, आता हाकलतील. पण पुंडलिकराव उठले आणि दारात गेले. बाहेर दहा पोरं ऐकत होती, याची त्यांना लाज वाटली नाही. बाकाच्या डाव्या टोकाकडे तोंड करून, आपल्या लेकीशी बोलावं तसं ते बोलले.

"सुधाबाई, चुकी माही हाये. जागा तुही हाये. तू म्हणशील तरच ह्या पोरीले देतो. देऊ काय?"

मग आम्ही वाट पाहिली. माझं सगळं शिक्षण एका मेलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघत होतं, आणि भूत न मानणारी मी, दोन्ही हात आवळून, ती बोलावी म्हणून तडफडत होते. पुंडलिकरावांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कान पुढे केला, डोळे मिटले, आणि शेवटी माझ्याकडे वळले.

"काय म्हणते?"

ती बोलली होती. स्पष्ट बोलली होती. आणि ते 'हो' नव्हतं.

"हो म्हणते," मी म्हणाले.

पुंडलिकराव दाराच्या चौकटीला धरून रडले. इतका ताठ माणूस, सगळ्यांसमोर. मग आत येऊन त्यांनी सुधाचं नाव नीट एका रेघेनं खोडलं आणि त्याखाली माझं लिहिलं. पुढच्या जुलैपासून त्यांनी तिला पुकारणं बंद केलं, जुना अर्ज दफ्तरात बांधून टाकला. ते हसू लागले, पोरांची थट्टा करू लागले. नवी पोरं तर त्यांना प्रेमळ म्हणायची, आणि तीन हाकांचं सांगितलं तर त्यांना पटायचं नाही.

जागा दर जुलैला मलाच मिळत गेली, आणि मी तीन वर्षं त्या खोलीत राहिले. काही पडलं नाही, काही हललं नाही, कोणी दिसलं नाही. फक्त दुपारी एकटी मोठ्यानं वाचायला बसले की ओळ संपल्यावर जरा उशिरानं कोणीतरी तीच ओळ हळू म्हणायचं. पाठ करतात तशी. पहिल्या आठवड्यात मी पुस्तक टाकून पळाले आणि ग्रंथालयात जाऊन मनातल्या मनात वाचू लागले. मग मलाच ते बरं वाटेना. मी परत खोलीत आले, आणि तेव्हापासून प्रत्येक धडा मोठ्यानं, सावकाश, ओळीओळीला थांबून वाचला. इतिहासाच्या सनावळ्या तर दोनदा. परीक्षा जवळ आली की तिकडचा आवाज घाईघाईनं यायचा. मी बीए झाले, पहिल्या वर्गात. वडिलांनी सौंसरात पेढे वाटले. मला पेढा गिळवेना.

त्याच वर्षी, अठ्ठ्याऐंशीत, पुंडलिकराव निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. सगळे चहाकडे वळल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. बाकाजवळच.

"वंदना, कधी विचारलं नाही तुले. ती कशी म्हणाली त्या दिवशी? तिचे शब्द सांग."

त्यांच्या डोळ्यांत लहान पोराचा लोभ होता. मी शब्द तिथल्या तिथे जुळवले. "म्हणाली, राहू द्या बाबूजी. तिले द्या. माहा राग नाही."

"माहा राग नाही," ते पुटपुटले. दोनदा. मग सायकल काढली, शाल कॅरिअरला बांधली आणि फाटकाकडे गेले, वळून न बघता. पुढे ते अकरा वर्षं जगले आणि सुखानं गेले असं ऐकलं. मला त्याचा आनंद आहे. मी केलं ते चूक होतं, आणि परत ती दुपार आली तर मी परत तेच बोलेन. हेही खरंच आहे.

ती जे बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती गयावया करून म्हणाली, "नोको देऊ, बाबूजी. मले बी शिकाचं हाये."