मधूनच सुरू होणारा धागा

प्रयोगशाळेत सगळे तिला यीस्टबाई म्हणत, आणि तीही मुकाट ओ देई. उभं आयुष्य तिनं यीस्टच्या एका गुणसूत्रापायी घालवलं होतं. पाव फुगवतं तेच हे यीस्ट. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवाच्या आत एक लांबलचक धागा असतो, रिळांवर गुंडाळल्यासारखा. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी त्या धाग्याची अख्खी नक्कल उतरावी लागते. नवख्यांना वाटतं, नक्कल एका टोकापासून निघत असेल. छे, कसलं टोक! ती मधूनच सुरू होते, ठिकठिकाणी, कुठे लवकर, कुठे उशिरा, आणि तुकडे वाढत वाढत एकमेकांना येऊन भिडतात. या सुरुवाती करून देणारी जनुकं तिला भावकीसारखी पाठ होती. कोण वेळेवर येतं, कोण रुसून बसतं, सगळं माहीत.

घरी मात्र हे शहाणपण तिनं गुंडाळून ठेवलं होतं. मेंदूला झटका आला तेव्हापासून नवऱ्याची वाचा बसली होती. दिलं ते खाई, आणि दवाखान्यातल्या परिचारिकेकडे बघावं तसा तिच्याकडे बघे. हा मला ओळखतो तरी का, या एका प्रश्नानं तिचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून रोज समोर बसून ती वदवून घेई, "म्हणा, माझं नाव..." अगदी पहिल्यापासून, शिस्तीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं तोंडच फिरवलं. फिरवणार नाही तर काय करील बिचारा!

त्याच सुमारास प्रयोगशाळेत तिनं आणि प्रमुख मॅडमनी यीस्टच्या धाग्यावरची एक ठळक सुरुवात कापून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ते यीस्ट वाढवायला ठेवलेली बशी कोरीच. ती फेकायला निघाली, तर मॅडम हसल्या.

"अहो, जरा दम धरा. शेजारच्या सुरुवाती आहेत की."

आणि खरंच, पुढच्या सकाळी बशीत पिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके, यीस्ट वाढू लागलं होतं. बशी हातात धरून ती खिडकीशी कितीतरी वेळ उभी राहिली. तो धागा तिच्या डोळ्यांपुढे तरंगत होता, इथे थोडा उजळत, तिथे थोडा. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यातल्या खिडक्यांचे दिवेही तिला तसेच मधूनमधून लागताना दिसले.

सुट्टीच्या दिवशी तिनं त्याच्याकडून काहीच वदवलं नाही. सकाळी तो आपणहून म्हणाला, "उन्हात." तिनं त्याला धरून खिडकीजवळ बसवलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. दुपारी म्हणाला, "खुर्ची." तिनं त्याच्या खुर्चीची उशी बदलली, पाठीशी टेकू दिला. तो कावला. माझंच काहीतरी चुकतंय, असं पुटपुटत ती दाराआडच्या गार कोपऱ्यात, आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून त्याच्यावर नजर ठेवता येई.

ऊन खिडकीतून काढता पाय घेऊ लागलं, तेव्हा तो पुन्हा बोलला. तिच्याकडे बोट करून.

"तुझी."

ती बघतच राहिली. तुझी खुर्ची, उन्हात. सकाळपासून तो एकच वाक्य बोलत होता, आणि ते तिच्यासाठी होतं. तिला रडू आवरेना. तशीच डोळे पुसत तिनं आपली खुर्ची ओढत त्याच्या शेजारी आणली.

ऊन आता एकाच्या पायांपुरतंच उरलं होतं. त्यानं आपले पाय बाजूला घेतले.