चार फटके

ज्ञानेश्वर शेलारचे वरचे पुढचे दोन दात खोटे आहेत. खरे गेले नऊ वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, दुपारी अडीच वाजता. लंडनमध्ये ईलिंगकडे निघालेली त्याची दुमजली बस लाल सिग्नलला उभी होती आणि एका माणसाला तिथेच उतरायचं होतं. स्टॉप शंभर पावलांवर होता. ज्ञानेश्वरने मान हलवली आणि नियमाप्रमाणे दार बंद ठेवलं. केबिनची काच अर्धी उघडी होती. त्या माणसाने आत हात घालून त्याची मानगूट धरली आणि तोंड स्टिअरिंगवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मग दाराचा इमर्जन्सीचा खटका ओढला, खाली उतरला आणि फुटपाथवर उभं राहून त्याने शांतपणे सिगारेट पेटवली.

खालच्या मजल्यावर वीसेक माणसं बसली होती. एकही उठलं नाही. सगळ्यांना एकदम मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं होतं. शेवटी सुटातला एक गृहस्थ केबिनपाशी थांबला, रक्ताकडे न बघता "सॉरी, मेट" म्हणाला आणि मागची बस पकडायला उतरून गेला.

ज्ञानेश्वर मूळचा साताऱ्याचा. तिकडे सहा वर्षं त्याने एसटी चालवली होती, तीही घाटात. तिथे ड्रायव्हरच्या अंगाला कोणी हात लावला असता तर अख्खी गाडी खाली उतरली असती. तशा जमावाचंही काही खरं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. वाईच्या स्टँडवर एका पाकीटमाराला लोकांनी कानातून रक्त येईपर्यंत तुडवलेलं त्याने पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, एक लाथ त्याचीही होती. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही.

बायको अर्चना. तीच आधी इकडे आली, एका केअर होममध्ये कामाला. वर्षभराने मागोमाग तो आला आणि परीक्षा देऊन लंडनच्या बसवर लागला. डेपोत त्याला सगळे डॅन म्हणत. दात गेल्यावर दीड महिना तो घरी बसला. कोर्टात केस उभी राहिली, त्या माणसाला शिक्षा झाली, पण ती तहकूब, म्हणजे तो संध्याकाळी घरी. ज्ञानेश्वर पुन्हा गाडीवर गेला. पूर्वीसारखाच वक्तशीर, पूर्वीसारखाच गप्प. फक्त अर्चनाला कळत होतं, की हा माणूस टीव्ही बघतानासुद्धा मूठ आवळून बसतो.

गेल्या मे महिन्यात त्याची भाची मालविका आली. बहिणीची मुलगी, वय एकतीस, जन्म आणि वाढ टेक्सासची. ह्यूस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात नर्स. आयुष्यात पहिल्यांदा युरोप बघायला निघाली होती. रोम, पॅरिस, ॲमस्टरडॅम करून शेवटचा आठवडा मामाकडे.

ती आली आणि घरात आवाज आला. तिला सगळ्याचंच नवल. "मामा, पाण्यात बर्फ मागितला तर वेटरने दोन तुकडे दिले. दोन." पॅरिसमध्ये जेवण झालं तरी कोणी उठवत नाही म्हणे. रोममध्ये अनोळखी बाई दंडाला धरून रस्ता दाखवते. आणि इथे ट्रेनमध्ये माणसं अशी बसतात, जशी कोणाच्या तरी मयताला आली आहेत. "मी एका आजोबाला हाय म्हटलं, तर तो घाबरली," ती म्हणाली. लिंग तिचं कायम चुकायचं, पण सांगायचं ते पोचायचं.

सगळ्यात नवल तिला पोलिसांचं. ईलिंग ब्रॉडवेला दोन पोलीस पायी हिंडत होते, ती त्यांच्या कमरेकडे बघत राहिली. "यांच्याकडे गन नाहीच?"

"नसते," ज्ञानेश्वर म्हणाला. "ठरावीक लोकांकडेच असते."

"मग कोणी गोळी घातली तर?"

"घालत नाही सहसा. इथे सुरे निघतात."

ती हसली. सुरा म्हणजे तिच्या लेखी किरकोळ प्रकरण. शनिवारच्या एका पाळीत सात सात गोळ्या लागलेली माणसं तिने पाहिली होती. पण एक गोष्ट ज्ञानेश्वरच्या नजरेतून सुटली नाही. हॉटेलात गेलं की ही पोरगी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसायची. त्याने विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "किंडरगार्टनपासून ड्रिल असते ना मामा. गोळीबार झाला तर कुठे लपायचं. आता सवय." आणि खीर संपवायला लागली.

शनिवारी तिला मामाची बस बघायची होती. अकराच्या फेरीला ती ग्रीनफर्डला चढली आणि खालीच, पुढच्या सीटवर बसली. ऊन छान होतं. पिशव्या घेऊन निघालेली माणसं होती, एक गोरी म्हातारी होती. हॅनवेलच्या अलीकडच्या स्टॉपवर करड्या जाकिटातला एक तरुण धावत चढला. तिकिटाचं कार्डही यंत्राला टेकवलं नाही त्याने. ज्ञानेश्वर दार लावणार, तेवढ्यात त्याच्या मागून दुसरा आत घुसला. पंचविशीचा, उंच, तोंडावर काळा मास्क. त्याने पँटच्या आतून जे काढलं त्याला सुरा म्हणायला जीभ वळेना. हातभर लांब पातं, एका बाजूला दाते.

पहिला वार जाकिटवाल्याच्या हातावर बसला. दुसरा मांडीच्या वरच्या भागात, खोल. रक्त ठिबकलं नाही, उडालं. समोरच्या काचेवर, सीटवर, म्हातारीच्या पांढऱ्या पिशवीवर. तो पोरगा दोन सीटमधल्या जागेत कोसळला आणि कोणीतरी जनावरासारखं ओरडलं.

ज्ञानेश्वरने सगळी दारं उघडली आणि कंट्रोल रूमला जाणारं लाल बटण दाबलं. ट्रेनिंगमध्ये शंभर वेळा सांगितलं होतं, बटण दाबा, दारं उघडा, केबिनमधून बाहेर पडू नका. माणसं मधल्या दाराने एकमेकांवर पडत उतरली. वरच्या मजल्यावरच्यांना जिना उतरायचा धीर होईना.

मालविका उतरली नाही. पहिल्या किंकाळीला ती सीटखाली आडवी झाली होती, डोकं हातांनी झाकून, जसं तिला पाचव्या वर्षापासून शिकवलेलं होतं तसंच. पण गोळीचा आवाज आलाच नाही. तिने मान वर केली, रक्ताचा झोत पाहिला आणि उठून थेट जखमी पोराकडे गेली.

"बॅक ऑफ," मास्कवाला ओरडला.

"तो मरेल," ती इंग्रजीत म्हणाली. "दोन मिनिटांत मरेल. मी नर्स आहे."

त्याने पातं तिच्याकडे वळवलं.

ज्ञानेश्वर केबिनमधून कधी बाहेर आला ते त्याला आठवत नाही. सीसीटीव्हीत आहे. केबिनच्या मागे अडकवलेला आग विझवायचा लाल सिलिंडर त्याने उपसला आणि तीन पावलांत गाठून त्या माणसाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. पातं खाली पडून सीटखाली घसरत गेलं. माणूस गुडघ्यांवर आला, मोडका हात छातीशी धरून.

तिथे थांबायला हवं होतं.

ज्ञानेश्वरने सिलिंडर पुन्हा उचलला. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसरा जबड्यावर, आणि मास्क ओला झाला. माणूस आडवा पडला. ज्ञानेश्वरला त्या वेळी भाची दिसत नव्हती, जखमी पोरगा दिसत नव्हता. त्याला स्टिअरिंग दिसत होतं, आणि वीस माणसांची खाली घातलेली मुंडकी. चौथा फटका त्याने दोन्ही हातांनी घातला, पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत.

"मामा, थांब," मालविका म्हणाली. ती ओरडली नव्हती. तिचा गुडघा त्या पोराच्या जांघेत रुतलेला होता आणि दोन्ही हातांनी ती रोमला घेतलेला सुती स्कार्फ जखमेत कोंबत होती. "तो पडला आहे. आता इकडे ये. मला हात पाहिजे."

सिलिंडर त्याच्या हातातून सुटला. तो खाली बसला आणि तिने दाखवलं तिथे दाबून धरलं. गरम रक्त बोटांच्या फटींतून येत राहिलं. ती गोरी म्हातारी उतरलीच नव्हती. तिने त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याचे केस मागे सारत ती काहीबाही बोलत होती, शाळेचं, हवेचं. पोरगा पांढरा पडत चालला होता. "सॉरी," तो म्हातारीला म्हणाला. "तुमची पिशवी."

सहा मिनिटांत पोलीस आले. दोघे, पिवळ्या जाकिटातले. त्यांना बघताच मालविकाने जखमेवरचे हात काढून दोन्ही पंजे उघडे करून डोक्यावर नेले. "मी नर्स आहे, हत्यार नाही, गोळी घालू नका."

बाई पोलीस क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. "हात खाली घे, लव्ह," ती म्हणाली. "त्याच्यावर ठेव परत."

पोरगा जगला. अँब्युलन्सच्या डॉक्टरने तिथेच, बसच्या फरशीवर, त्याला रक्त दिलं. मास्कवाल्याला दुसऱ्या गाडीतून नेलं. मनगट, जबडा, तीन बरगड्या, आणि एक बरगडी फुप्फुसात शिरलेली. तोही जगला, पण दोन दिवस ते कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

ज्ञानेश्वरला कोणी बेडी घातली नाही. एका सार्जंटने त्याला फुटपाथवर बसवून चहाचा कागदी कप दिला आणि मग त्याच आवाजात सांगितलं, की फुटेज पाहिलंय, जबाब द्यायला चौकीवर यावं लागेल, आणि तुम्ही जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं.

घरी मालविका संतापली. आंघोळ करूनही तिच्या नखांत रक्त राहिलं होतं. "टेक्सासमध्ये तुला कोणी एक प्रश्न विचारला नसता, मामा. तो माणूस नाइफ घेऊन आला. तू त्याला गोळी घातली असती तरी शेरीफने हात मिळवला असता. इथे काय, हल्ला करणाऱ्याची बरगडी मोजतात?"

"मोजतात," अर्चना म्हणाली.

"मग मामा, तू काही बोलू नको. वकील येईल तो बोलेल. पोलिसाशी कधीच बोलायचं नाही, आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते."

वकील मिळाला, सरकारी खर्चाने. वैजयंती नावाची, लंडनच्याच पिनर भागातली मराठी बाई, इथेच जन्मलेली. तिचाही सल्ला तोच होता. "काका, तुम्ही घाबरले होते, सगळं एका सेकंदमध्ये झालं, तुम्हाला वाटलं तो परत उठेल. एवढंच म्हणायचं. हे खरं पण असू शकते ना?"

"अहो," अर्चना चौकीतल्या बाहेरच्या बाकावर म्हणाली, "तसंच म्हणा. पाया पडते."

त्याने मान हलवली. आत गेला. टेपरेकॉर्डर सुरू झाला. पोलिसाने फुटेज थांबवत थांबवत विचारलं, पहिला फटका का, दुसरा का. वैजयंतीने त्याच्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वरने पाण्याचा घोट घेतला.

"पहिला माझ्या भाचीसाठी," तो म्हणाला. "पुढचे तीन माझ्यासाठी. पातं त्याच्या हातात नव्हतं, ते मला दिसलं होतं. तरी मारले."

वैजयंतीने पेन खाली ठेवलं.

पुढचे पाच महिने तो घरी होता. मालविका ठरल्या दिवशी परत गेली, विमानतळावर त्याला मिठी मारून बराच वेळ उभी राहिली. ज्ञानेश्वर बाजार आणायचा, अर्चनाला कामावर सोडायचा. समोरून कोणी झपकन आलं की त्याचा हात फटका मारायला आपोआप मागे जायचा. त्याची त्याला भीती वाटायला लागली. आपल्यावर कोणी हात टाकेल याची भीती त्याला नऊ वर्षं होती. आपण कोणावर टाकू याची आता बसली. एक दिवस भाजी चिरता चिरता त्याने अर्चनाला वाईच्या स्टँडची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं, काहीतरी आहे."

ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांचं पत्र आलं. खटला चालणार नाही. घडलेल्या प्रसंगात माणसाने तोलून मापून वागावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं काहीसं त्यात होतं. त्याने सगळं खरं सांगितलं होतं आणि तरीही तो सुटला होता. वैजयंतीने फोनवर कबूल केलं, की तिला हे अपेक्षित नव्हतं. कंपनीने मात्र लेखी समज दिली आणि गाडी द्यायला नकार दिला. त्याला डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायच्या कामावर घेतलं. आता सोमवारी सकाळी नव्या बॅचसमोर तो उभा राहतो आणि सांगतो, की बटण दाबा, दारं उघडा. केबिनमधून बाहेर पडायचं की नाही, या प्रश्नाला तो थोडा वेळ घेतो.

डिसेंबरात मालविकाचा फोन आला. युरोपचे फोटो तिने आत्ता कुठे लावले होते, आणि हॉस्पिटलात सगळ्यांना बसची गोष्ट सांगितली होती.

"सगळे म्हणतात तू हीरो आहे, मामा. एका डॉक्टरने तर टाळी वाजवली."

"किती फटके सांगितलेस?"

 तिच्या मागे कुठेतरी मशीनची पिपाणी वाजत होती.

"एक," ती म्हणाली.

"चारही सांगत जा. नाहीतर सांगू नको."

"त्यांना नाही कळणार."

"न कळू दे," ज्ञानेश्वर म्हणाला. मग त्याने विचारलं, जेवलीस का, आणि ती म्हणाली, अजून नाही, ड्यूटी संपायला दोन तास आहेत.