गुप्तेकाकूंच्या गाडीतली टकटक

तिसऱ्या वेळी गुप्तेकाकूंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीच नाही. ती पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि माझ्या केबिनमधल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर त्या बसल्या.

"सुहास, आज पुन्हा 'गाडीत काही नाही' म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी नेमकं तेच म्हणणार होतो.

माझं गॅरेज बडोद्यात गोरव्याला आहे. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठे अंमलदार होते, आजोबाही तिथेच, वडील कॉलेजात संस्कृत शिकवायचे. माझ्यापर्यंत येता येता घराणं सायलेन्सरपर्यंत पोचलं. लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना नातेवाईक 'इंजिनीअर' मोठ्याने म्हणतात आणि 'गॅरेज' हळू आवाजात. गाडीबरोबर आलेला एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळकांडी, काढून बाजारातला दुसरा बसवायचा, हे माझं खास काम. ज्यांना आपली गाडी गुरगुरायला हवी असते, ते माझ्याकडे येतात. त्यातले निम्मे वर्षभराने वडिलांबरोबर परत येतात आणि जुना एक्झॉस्ट बसवून घेतात.

काकू गुरगुरण्यासाठी आल्या नव्हत्या. त्या बहात्तर वर्षांच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मांजलपूरला एकट्या राहतात. गाडी मुळात त्यांच्या मुलाची, केदारची. नऊ वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडून तिला नवा हेडर बसवून घेतला, वर्षभर गल्लीची झोप उडवली आणि कॅनडाला निघून गेला. गाडी आईला ठेवून गेला. तेव्हापासून काकू त्या गाडीतून भाजीला जातात, बँकेत जातात आणि रोज सकाळी बहिणीला फिजिओथेरपीला घेऊन जातात. गेटवरचा वॉचमन आवाज ऐकून उठून उभा राहतो.

हेडर म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात पेट्रोल जळलं की तयार झालेला वायू बाहेर काढावा लागतो. चार सिलिंडर असतील तर तो चार पाइपांतून निघतो आणि पुढे एका पाइपात जातो. हा चार पाइपांचा जुडगा म्हणजे हेडर. तो इंजिनाला जिथे चिकटतो तिथे लोखंडाची जाड पट्टी असते, ती फ्लँज. इंजिन आणि फ्लँज यांच्यामध्ये गॅस्केट, आमच्या भाषेत पॅकिंग. आणि हे सगळं घट्ट धरून ठेवतात ते स्टड, म्हणजे दोन्ही बाजूंना आटे असलेले बोल्ट. यातलं काहीही सैल झालं की वायू मधूनच निसटतो आणि दर वेळी 'टक' असा आवाज येतो.

काकूंची तक्रार हीच होती. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून टकटक येते. दुचाकीच्या सायलेन्सरमधून येते तशी नाही, बारीक, कोरडी, एका लयीत.

पहिल्या वेळी त्या आल्या तेव्हा मी बॉनेट उघडलं, कान लावला, दोनदा रेस केली. आवाज शून्य. मांजलपूर ते गोरवा म्हणजे जवळपास अख्खं शहर ओलांडून यायचं, तोवर इंजिन चांगलंच तापलेलं. काही आवाज फक्त थंड इंजिनात येतात, एवढं मलाही कळतं. म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी चालू केली. आवाज नाही. काकूंना फोन करून सांगितलं, गाडीत काही नाही, वापरून बघा. आमच्या धंद्यात 'वापरून बघा' याचा अर्थ 'आता जा' असा होतो.

दुसऱ्या वेळीही तेच. गाडी ठेवली, सकाळी ऐकली, परत पाठवली. मधल्या काळात त्या एका मोठ्या वर्कशॉपमध्येही जाऊन आल्या. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने गाडी चालू न करताच टॅपेटचा आवाज आहे असं सांगितलं. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह दाबणारे भाग, तेही खडखडतात. इंजिन उघडावं लागेल, असं तो म्हणाला. काकूंनी केदारला कळवलं. केदारने मला फोन केला. मी छातीठोकपणे म्हणालो, हेडर माझा आहे, तो लीक होणार नाही, आणि टॅपेट मी दोनदा ऐकलेत.

मग आवाज कुठून येतो, याचं केदारला एकच उत्तर सुचलं. त्याने आईला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने तपासून सांगितलं की वयोमानाने थोडं कमी ऐकू येतं. कमी ऐकू येत असेल तर मला जास्तीचा आवाज कसा ऐकू येतो, असं काकूंनी विचारलं. डॉक्टरने नंबर पुकारून पुढचा पेशंट आत घेतला.

तर तिसऱ्या वेळी त्या खुर्चीत बसून मला सांगत होत्या की केदारने गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. ते रविवारी येणार. आईला भास होतात, तिने गाडी चालवू नये, असं त्याचं म्हणणं. काकू हे शांतपणे सांगत होत्या, पण पर्सचा पट्टा त्यांनी हाताला दोनदा गुंडाळला होता. मला वाईट वाटलं. गाडी गेली की बहिणीची फिजिओ बंद, भाजी शेजारणीच्या मर्जीवर आणि बाकी आयुष्य रिक्षावाल्याच्या. आणि केदारच्या या भास-सिद्धांताला माझी दोन सर्टिफिकेटं जोडलेली होती.

"हे वाच," असं म्हणून त्यांनी एक शाळकरी वही पुढे केली.

मागच्या दोन्ही वेळांना ही वही त्यांच्या हातात होती. दोन्ही वेळा मी 'नंतर बघतो' म्हणालो होतो. आत रोजची नोंद. तारीख, चालू केल्याची वेळ आणि टकटक कुठे थांबली ते ठिकाण. जानेवारीत आवाज लालबागच्या पुलापर्यंत जायचा. मार्चमध्ये पुलाच्या बराच अलीकडे विरायचा. मे महिन्यात सोसायटीच्या गेटातच संपायचा. भास ऋतुमानाप्रमाणे लांबत-आखडत नाही. लोखंड लांबतं-आखडतं. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही, कॉलेजातच शिकवलं होतं.

"पण काकू, मी दोनदा थंड इंजिनवर ऐकलंय," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"दहाला. मी येतो तेव्हा."

"आणि त्याआधी गाडी कोणी चालू केली होती?"

"कोणीच नाही."

मागे स्पॅनर पुसत माझा फोरमन कनुभाई उभा होता. सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि खोटं बोलायचा त्याला भयंकर कंटाळा.

"ना साहेब," तो म्हणाला. "सवारे तो हुं चालू करुं छुं. बधी गाडी."

आमच्या शेडमध्ये रात्री सहा गाड्या एकीला एक खेटून उभ्या असतात. सकाळी आठला कनुभाई येतो, सगळ्या चालू करून बाहेर काढतो, झाडू मारतो, पाणी शिंपडतो, मग कॉम्प्रेसरला अगरबत्ती ओवाळतो. पूजा होईपर्यंत गाड्या बाहेर चालूच, बॅटरीला बरं म्हणून. झालं की परत आत. हे सव्वीस वर्षं चाललंय आणि मला माहीत नव्हतं, कारण मी सव्वीस वर्षं दहाला येतोय. म्हणजे मी ऐकलेलं थंड इंजिन दर वेळी अगरबत्तीभर तापलेलं होतं.

मी कनुभाईवर ओरडणार होतो. पण काय म्हणून ओरडणार? काकू माझ्याकडे बघत होत्या. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून उभ्या राहिलेल्या मुलाकडे त्या अशाच बघत असणार.

"उद्या सकाळी सातला घरी ये," त्या म्हणाल्या. "गाडीला मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सातला मांजलपूरला हजर होतो. बायकोला वाटलं, कोणीतरी गेलं. बरोबर हातभर लांबीची रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं इंजिनाजवळ फिरवायचं, पट्टे आणि पंख्यापासून लांब. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचा गरीब भाऊ, पण जागा अचूक सांगतो. काकूंनी किल्ली फिरवली.

टकटकटकटक.

इतकी स्पष्ट की दूधवाल्यानेही मान वळवली. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघत होत्या.

नळी आधी इंजिनाच्या डोक्यावर फिरवली. तिथे आवाज मंद, म्हणजे टॅपेट नाही. मग फ्लँजजवळ आणली. पहिला सिलिंडर ठीक, दुसरा ठीक, तिसरा ठीक. चौथ्याजवळ कानात कोणी टिचकी मारावी तसा आवाज आला. खात्रीसाठी काकूंना म्हटलं, जाड फडकं घेऊन मागच्या नळकांड्याच्या तोंडाशी क्षणभर धरा, पूर्ण दाबू नका. मागची वाट अडली की वायू फटीतून जास्त जोराने निघतो. त्यांनी धरलं आणि टकटक दुप्पट झाली. टॅपेटला या फडक्याने काडीचा फरक पडत नाही. सात-आठ मिनिटांत इंजिन तापलं, धातू पसरला, फट मिटली आणि आवाज विरून गेला. काकूंनी वहीत वेळ लिहिली.

गाडी बंद करून टॉर्च मारला. चौथ्या पाइपाच्या वर फ्लँजवर काजळीचा काळा ओघळ होता, आणि तिथला स्टड तुटून नट गायब.

"हे बसवलं कोणी?" काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मी."

"मग तुटलं कसं?"

नवा हेडर बसवताना स्टड नवे घालायचे असतात. जुने तापून तापून ठिसूळ झालेले असतात. शिवाय पाचशे-हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट पुन्हा आवळायचे असतात, कारण नवं पॅकिंग दबतं. त्या दिवशी केदारला घाई होती, मला भूक होती, आणि जुने स्टड दिसायला चांगले होते. नट पुन्हा आवळायला मी त्याला बोलावलं नाही. हे सगळं मी काकूंना सांगितलं. सांगताना माझं वय साधारण तेरा होतं.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. हेडर काढला. तुटक्या स्टडचा बुंधा इंजिनात अडकला होता. त्यावर नट वेल्ड करून, तेल सोडून, कनुभाईने तो रोज थोडा थोडा फिरवत बाहेर काढला आणि काढल्यावर नमस्कार केला. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली तर ती चौथ्या टोकाला किंचित वाकलेली. मकरपुऱ्याला एका ओळखीच्या कारखान्यात तिचं तोंड घासून सपाट करून आणलं. स्टड सगळे नवे. पॅकिंग पातळ पत्र्याच्या थरांचं, महागातलं. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने. गाडी तापवली, पूर्ण थंड होऊ दिली, पुन्हा आवळली. शुक्रवारी संध्याकाळी ती काकूंच्या दारात लावून आलो.

शनिवारी सकाळी सातला पुन्हा मांजलपूर. किल्ली फिरली. गाडी आपली नेहमीसारखी गुरगुरली. टकटक नाही. काकू उतरल्या, बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

"आता केदारला फोन लाव," त्या म्हणाल्या. "स्पीकरवर."

तिकडे रात्र सुरू होत होती, केदार जेवत होता. मी सांगितलं, आवाज होता, पहिल्या दिवसापासून होता, आईचे कान बरोबर आहेत आणि चूक माझी, नऊ वर्षांपूर्वीची. तो म्हणाला, "पण काका, तुम्हीच दोनदा म्हणालात की काही नाही."

"मी ऐकलंच नव्हतं रे," मी म्हणालो. "तापलेली गाडी ऐकून थंड गाडीबद्दल बोललो."

"आई, मी त्या माणसाला रविवारी येऊ नको म्हणून सांगतो."

"मी कालच सांगितलं," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. गाडी बंद केल्यावर टिकटिक येते. मी 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं आणि मांजलपूरला गेलो. त्या एक फेरी मारून आल्या, गाडी बंद केली, आम्ही दोघे बॉनेटपाशी वाकून ऐकत बसलो. खरोखर टिकटिक होती, विझत जाणारी. हेडरचे पाइप पातळ, ते निवताना आकसतात आणि असे वाजतात. सगळ्याच गाड्यांत होतं, बाहेरच्या हेडरमध्ये जास्त ऐकू येतं. त्यात बिघाड नाही.

"म्हणजे आवाज आहे," काकू म्हणाल्या.

"आहे."

"लिहून दे. केदारला पाठवते."

मी बॅगेतून लेटरहेड काढलं. गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं: 'गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे टिकटिक आवाज येतो. मी स्वतः ऐकला. हा दोष नाही.' खाली सही केली, शिक्का मारला. तीस वर्षांच्या धंद्यात मी बिघाड नसल्याची पत्रं बरीच दिली असतील, आवाज असल्याचं हे पहिलंच. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्यापुढे परत सरकवला.

"'मी स्वतः ऐकला'च्या खाली रेघ मार," त्या म्हणाल्या.

मी मारली. गिऱ्हाइकाच्या कानांवर शंका घेण्याआधी मालकाने एकदा तरी फोरमनच्या वेळेला कामावर यावं, एवढंच मी यातून शिकलो. मी अजून दहालाच येतो, पण आधी कनुभाईला विचारतो.