वन्संचं कोर्टातलं म्हणणं

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, जन्मात कुणाचं काही पहिल्या झटक्यात मान्य केलं असेल, तर मी सोलापूर सोडून जायला तयार आहे. मे महिन्याच्या दुपारी मी नुसतं "काय ऊन आहे हो!" म्हणावं, तर त्या पदरानं घाम टिपत म्हणणार, "ऊन कुटं? परवा हुतं ते ऊन." डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढलंय म्हटल्यावर "तुमचं यंत्र जुनं झालंय" असं सुनावून त्या उठल्या, आणि त्या बिचाऱ्यानं खरोखर दुसरं यंत्र मागवलं! माझ्या पहिल्या दिवाळीत सगळे चकल्यांना कुरकुरीत म्हणत होते, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "चकलीचं काय न्हाय त्यात, तुमचे दात चांगले हाईत."

त्यामुळे फायनान्स कंपनीनं त्यांच्यावर दावा लावला तेव्हा, खोटं कशाला सांगू, काळजीबरोबर आमच्या घरात थोडी गंमतही वाटली. त्यांचे यजमान, आमचे दाजी, शेंगाचटणीच्या मशीनसाठी कर्ज काढून वर्षाच्या आत आजारानं गेले. मागे राहिलं ते कर्ज आणि दोन खोल्यांचं घर. आता कंपनीनं कोर्टात अर्ज दिला होता, की ही बाई घर विकून पळून जाईल, तेव्हा दाव्याचा निकाल लागेपर्यंत घर जप्त करा. त्या अर्जावर वन्संनी आपलं लेखी म्हणणं द्यायचं होतं. "नाहीच म्हणायचंय ना? मग ताईला काय अवघड!" असं आमचे हे म्हणाले.

सात रस्त्याजवळच्या वकिलांकडे मी सोबत गेले. वकीलसाहेब अर्जातलं एकेक कलम वाचत आणि वन्सं ते उडवून लावत. थकबाकी? "एवढी न्हाय. व्याजावर व्याज लावलंय मेल्यांनी." नोटीस? "शेजारच्या घरात टाकली, मला कुटं दिली?" घर विकून पळून जाणार? "ह्या गुडघ्यांनी? जिना उतरून दाखवू का तुमाला?" वकीलसाहेब खूश होऊन भराभर लिहून घेत होते.

मग सहीचं कलम आलं. त्यांनी कर्जाच्या कागदाची झेरॉक्स पुढे सरकवली. "मावशी, ही सही तुमच्या मिस्टरांच्या बाकीच्या सह्यांशी जुळत नाही. त्यांची नाही एवढंच म्हणा, अर्ज बारगळलाच समजा."

वन्संनी चष्मा लावला आणि सही निरखून पाहिली. "त्यांचीच हाय," म्हणाल्या.

"अहो, घर जाईल! आणि तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"हात लई कापत हुता त्यांचा. खालचा पुठ्ठा मीच धरला हुता की. बाकी समद्याला न्हाय म्हना साहेब, हितं हाय लिवा."

घरी आल्यावर हे चिडले, ओरडले. मीही रडकुंडीला येऊन विचारलं, "वन्सं, राहणार कुठं तुम्ही?" त्या मेथी निवडत बसल्या होत्या. डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली आणि बाई निवांत! इतकी वर्षं मी त्यांच्या स्वभावाला हसत आले होते, त्या दिवशी मात्र माझी त्यांच्यासमोर बसायची छाती होईना.

तारखेला जजसाहेबांनी म्हणणं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "सही कबूल आहे तुम्हाला?"

"व्हय."

"घर विकणार आहात?"

"न्हाय."

बस, एवढंच. कंपनीच्या वकिलांनी बरीच खटपट केली, पण जजसाहेब म्हणाले, जी बाई ही सही नाकारत नाही, तिच्या बाकीच्या म्हणण्यावर अविश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही. जप्तीचा अर्ज फेटाळला! पुढे तडजोडीत व्याजावरचं व्याज सुटलं आणि उरलेल्याचे हप्ते पडले.

पहिला हप्ता भरायला मीच सोबत होते. काउंटरवरच्या बाईनं रजिस्टर पुढे केलं, "नुसतं आडनाव लिहिलं तरी चालतंय मावशी." वन्संनी पूर्ण नाव लिहायला घेतलं. स्वतःचं नाव झरझर लिहिलं. मधलं दाजींचं नाव मात्र सावकाश, एकेक अक्षर गिरवल्यासारखं. नवऱ्याचं नाव त्यांनी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. मागे रांग खोळंबली, कुणीतरी कुरकुरलंही. पण "वन्सं, आटपा" म्हणायला माझी जीभ काही रेटेना.